प्रकाशीय तबकड्यांवरील बॅकअपची सूची (मेनफ्रेम प्रणाली)

मेनफ्रेम (मोठ्या संस्थांच्या मध्यवर्ती) संगणकावरील फाइलींच्या प्रती सीडी, डीव्हीडी, ब्लू-रे किंवा मॅग्नेटो-ऑप्टिकल (चुंबक व लेझर दोन्ही वापरणाऱ्या) तबकडीवर उतरवल्यानंतर कोणती प्रत कोणत्या तबकडीच्या कोणत्या बाजूवर आहे, केव्हाची आहे, कोणत्या साच्यात आहे आणि केव्हापर्यंत राखायची आहे, याची यंत्राला शोधता येईल अशी नोंद ठेवण्याची पद्धत. चुंबकीय टेप पुसून पुन्हा लिहिता येते, तिचे लेबलही बदलता येते. एकदाच लिहिता येणाऱ्या तबकडीचे तसे नाही. नाव चुकले, मुदत बदलली, फाइल रद्द ठरली, तरी तबकडीवर जे उमटले ते तसेच राहते. दुरुस्तीला जागा उरते ती सूचीतच. त्यामुळे टेपच्या सूचीपेक्षा तबकडीच्या सूचीवर भार जास्त पडतो, आणि ती हरवली तर शाबूत तबकड्यांचा ढीगही फारसा कामाचा राहत नाही.

संज्ञा : ग्रंथालयशास्त्राच्या मराठी परिभाषेत अशा नोंदसंग्रहाला ‘तालिका’ व त्या कामाला ‘तालिकीकरण’ म्हणतात. संगणक विभागांत मात्र ‘कॅटलॉग’ हाच शब्द रुळला आणि त्याची क्रियापदेही झाली : फाइल ‘कॅटलॉग करणे’, ‘अनकॅटलॉग होणे’. या नोंदीत कार्यप्रणालीच्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या) स्वतःच्या नोंदसंग्रहाला ‘कॅटलॉग’ आणि तबकड्यांसाठी वेगळ्या राखलेल्या नोंदसंग्रहाला ‘सूची’ म्हटले आहे. बहुतेक घोटाळे या दोहोंची गल्लत झाल्यानेच होतात.

उगम : आयबीएमने ७ एप्रिल १९६४ रोजी सिस्टिम/३६० ही यंत्रमालिका जाहीर केली. तिच्या ओएस/३६० कार्यप्रणालीत केवळ डेटासेटचे (मेनफ्रेमवरील फाइलचे) नाव दिल्यावर तो कोणत्या व्हॉल्यूमवर (डिस्क, टेप अशा साठवणीच्या एककावर) आहे हे प्रणालीने शोधण्याची सोय होती. नावातील प्रत्येक पदासाठी एक पायरी, अशी ती उतरंड होती. पुढे व्हीसॅम (आयबीएमची फाइली साठवण्याची एक पद्धत) कॅटलॉग आला आणि साधारण १९८०च्या सुमारास आयसीएफ कॅटलॉग. आयसीएफमध्ये माहिती दोन जागी विभागलेली असते. नावावरून व्हॉल्यूम सांगणारा भाग बीसीएस, आणि त्या त्या चुंबकीय डिस्कवरच राहून तिच्यावरील व्हीसॅम व एसएमएसच्या (साठवण आपोआप सांभाळणाऱ्या घटकाच्या) ताब्यातील डेटासेटांचा तपशील ठेवणारा भाग व्हीव्हीडीएस. टेपवर व्हीव्हीडीएस नसतो आणि तबकडीवरही नसतो. नोंद व प्रत्यक्ष साठा यांची परस्पर तपासणी चुंबकीय डिस्कबाबत करता येते. तबकडीबाबत ती सोय वेगळी उभी करावी लागते.

बरोज (पुढे युनिसिस) यंत्रांच्या एमसीपी कार्यप्रणालीने निराळी वाट धरली. तेथे कॅटलॉगमधील फाइलच्या नोंदीलाच तिच्या बॅकअप प्रतींची माहिती जोडलेली असते. फाइल डिस्कवर नसेल, तर ती कोणत्या व्हॉल्यूमवर मिळेल हे प्रणाली ऑपरेटरला सांगते. साधी प्रत आणि बॅकअप म्हणून काढलेली प्रत यांत प्रणाली भेद करते. दुसरीचीच नोंद बॅकअप म्हणून होते. बॅकअपची सूची वेगळी न ठेवता फाइलच्या नोंदीतच गुंफण्याची कल्पना येथे अधिक सुटसुटीत उतरली, असे दोन्ही प्रणालींची तुलना करता म्हणावे लागते.

प्रकाशीय तबकडीच्या जनकत्वाबद्दल मतभेद आहेत. डेव्हिड पॉल ग्रेग यांनी १९५८च्या सुमारास पारदर्शक तबकडीची कल्पना मांडली, तर जेम्स रसेल यांना अंकीय स्वरूपातील प्रकाशीय मुद्रणाचे अमेरिकी एकस्व (पेटंट) १९७० मध्ये मिळाले. फिलिप्स आणि सोनी यांची कॉम्पॅक्ट डिस्क १९८२ मध्ये बाजारात आली. तिच्यामागील संशोधन फिलिप्समध्ये स्वतंत्रपणे झाले असे मानणारा पक्षही आहे. ग्रेग यांची तबकडी चित्रफितीच्या वंशातील, रसेल यांची आकड्यांच्या. डेटा साठवणीचा विचार करता रसेल यांचे नाव आधी घेणे सयुक्तिक वाटते, पण मेनफ्रेमशी थेट नाते या तिघांपैकी कोणाचेच नाही. मेनफ्रेमला प्रथम जोडल्या गेल्या त्या एकदाच लिहिता येणाऱ्या १२ इंची तबकड्या, आणि १९९०च्या दशकात ५.२५ इंची मॅग्नेटो-ऑप्टिकल तबकड्यांची स्वयंचलित कपाटे, उदा. आयबीएम ३९९५.

मुंबई : १९७८ मध्ये आयबीएम भारतातून बाहेर पडली आणि तिच्या यंत्रांची देखभाल सीएमसी या सरकारी कंपनीकडे आली. त्याच सुमारास, १९७७ मध्ये, मुंबईत टाटा-बरोज ही कंपनी स्थापन झाली (पुढे टाटा युनिसिस, टाटा इन्फोटेक, २००६ मध्ये टीसीएसमध्ये विलीन). त्यामुळे शहरातील जुन्या संगणककर्मींत कॅटलॉगविषयीच्या दोन्ही विचारपद्धती शेजारी शेजारी नांदल्या.

ओएएममधील सूची : आयबीएमच्या प्रणालीत तबकडी-सूचीचे सर्वांत तपशीलवार रूप ओएएम (ऑब्जेक्ट अ‍ॅक्सेस मेथड) या घटकात दिसते. येथे प्रत्येक फाइलला ‘ऑब्जेक्ट’ म्हणतात. ऑब्जेक्टचे नाव ४४ अक्षरांपर्यंत असते. ऑब्जेक्टांचे गट म्हणजे ‘कलेक्शन’. कलेक्शनचे नाव तेवढे आयसीएफ कॅटलॉगमध्ये जाते, प्रत्येक ऑब्जेक्टची नोंद डीबी२ या डेटाबेसच्या तक्त्यात राहते. तिच्यात आकार, निर्मितीची वेळ, शेवटच्या वापराची तारीख, मुदत संपण्याची तारीख, ठिकाण दर्शवणारे एक अक्षर, व्हॉल्यूमचा क्रमांक व सेक्टर (तबकडीवरील जागेचा तुकडा), आणि बॅकअप प्रतीचा व्हॉल्यूम व सेक्टर वेगळा. व्हॉल्यूम, ड्राइव्ह, कपाटातील खाचा यांचे तक्ते स्वतंत्र असतात. दुहेरी तबकडीच्या प्रत्येक बाजूला स्वतःचा सहा अक्षरी व्हॉलसर (व्हॉल्यूमचा क्रमांक) असतो, म्हणून एका वस्तूच्या दोन नोंदी, आणि प्रत्येकीत ‘पाठची बाजू’ कोणती तेही. एका बाजूला ओरखडा पडून तबकडी बाद झाली, तर दुसऱ्या बाजूवरील ऑब्जेक्टांचीही पुनर्प्राप्ती करावी लागते. नव्या माणसाच्या नजरेतून हे हमखास सुटते.

एकदाच लिहिता येणाऱ्या तबकडीवरचा ऑब्जेक्ट ‘डिलीट’ केला की फक्त डीबी२मधील ओळ जाते. तबकडीवरचे बिट तेथेच राहतात आणि जागाही परत मिळत नाही. गोपनीय माहिती खरोखर नष्ट करायची असेल, तर तबकडी फोडणे हाच उपाय. त्याआधी तिच्यावरील इतर जिवंत ऑब्जेक्ट दुसरीकडे हलवावे लागतात.

सीडी-डीव्हीडीवर प्रत काढण्याची कृती : जेथे मेनफ्रेमला प्रकाशीय कपाट जोडलेले नाही, तेथे प्रत पीसीमार्गे काढतात. आधी एडीआरडीएसएसयू या आयबीएमच्या प्रोग्रॅमने डंप (डेटासेटांची एकत्र प्रत) काढतात. डंपच्या नोंदींची लांबी ठरावीक नसते, आणि एफटीपीने (नेटवर्कवरून फाइल पाठवण्याच्या पद्धतीने) तो थेट पाठवला की नोंदींच्या सीमा नाहीशा होतात. म्हणून डंप आधी एएमएटर्स या प्रोग्रॅमने आवळतात (कॉम्प्रेस करतात). त्यातून निघणारी फाइल १०२४ बाइटांच्या ठरावीक नोंदींची असते. ती बायनरी पद्धतीने पीसीवर आणून तबकडीवर लिहितात. परत नेताना मेनफ्रेमवर एफबी (ठरावीक लांबीच्या नोंदी), १०२४ अशा साच्याचा डेटासेट आधी तयार ठेवतात, मगच फाइल चढवतात. सूचीत रेकॉर्ड फॉरमॅट, नोंदीची लांबी आणि ब्लॉकची लांबी ही तीन मूल्ये मूळ डेटासेटची व आवळलेल्या फाइलची, अशी दोनदा लिहावीत. आयएसओ ९६६० (सीडीवरील फाइलरचनेचे प्रमाण) तबकडीवर यांतले काहीच टिकत नाही. तिला फक्त बाइटांची संख्या ठाऊक.

बायनरीऐवजी अक्षर-रूपांतर चालू राहिले तर नुकसान सहज दिसतेच असे नाही. कोबॉल भाषेच्या कॉम्प-३ (एका बाइटात दोन अंक) साच्यात १२३४५ ही धन संख्या षोडशमानात १२ ३४ ५सी अशी तीन बाइटांत बसते; शेवटचा ‘सी’ हे धनचिन्ह. एब्सिडिक या मेनफ्रेमच्या अक्षर-संकेतातून पीसीच्या आयएसओ ८८५९-१ मध्ये रूपांतर होताना १२ तसाच राहतो, ३४ चा ९४ होतो, आणि ५सी हे एब्सिडिकमध्ये फुलीचे (*) चिन्ह असल्याने त्याचा २ए होतो. ‘ए’ हेही वैध धनचिन्ह आहे. म्हणजे फाइल परत आणल्यावर प्रोग्रॅम कोणतीही तक्रार न करता १२९४२ वाचतो. म्हणून सूचीत नोंदींची संख्या पुरेशी नाही. एखाद्या रकमेच्या स्तंभाची बेरीजही हवी, आणि ती मूळ फाइलवर काढलेली हवी.

क्षमतेचा हिशेब सूची आखतानाच करावा. आयबीएमच्या ३३९० मॉडेल ३ प्रकारच्या चुंबकीय डिस्कवर ३३३९ सिलिंडर, प्रत्येकी १५ ट्रॅक आणि ट्रॅकमागे ५६,६६४ बाइट, म्हणजे सुमारे २८४ कोटी बाइट मावतात. ७४ मिनिटांच्या सीडीवर ३,३३,००० सेक्टर, प्रत्येकी २०४८ बाइट, म्हणजे सुमारे ६८ कोटी. न आवळता पाच सीडी लागतात. डीव्हीडीच्या एका थरावर ४७० कोटी बाइट मावतात, तेव्हा एक डिस्क बसते, दोन बसत नाहीत. आयएसओ ९६६० मध्ये फाइलचा एक सलग तुकडा ४ गिगाबाइटच्या आतच असावा लागतो, म्हणून मोठे डंप आधीच तोडून घेतात. संच अनेक तबकड्यांचा असेल तर ‘५ पैकी ३’ असा क्रम प्रत्येक नोंदीत यावा. शेवटची तबकडी सापडत नाही हे नाहीतर पुनर्प्राप्तीच्या वेळीच कळते.

नावे व तारखा : डेटासेटचे नाव ४४ अक्षरांपर्यंत, पण टेपच्या एचडीआर१ या शीर्ष-लेबलात त्यातील उजवीकडची १७ अक्षरेच बसतात. टेपवरून तबकडीवर नेताना लेबलावरून नावे उचलली, तर वेगवेगळ्या विभागांच्या फाइली एकाच नावाने सूचीत येतात. पूर्ण नाव कॅटलॉगमधूनच घ्यावे.

जीडीजी (एकाच नावाच्या फाइलच्या क्रमाने वाढणाऱ्या आवृत्त्यांचा गट) पिढ्यांबाबत सापेक्ष क्रमांक कधीही सूचीत लिहू नये. ‘उणे १’ म्हणजे आज जी पिढी आहे ती उद्याच्या बॅचनंतर ‘उणे २’ होते. जी०००७व्ही०० असे पूर्ण नाव लिहावे. शिवाय ९९९९ नंतर क्रम पुन्हा १ वर येतो आणि जुनेच नाव नव्या फाइलला मिळते, म्हणून नावासोबत तारीख-वेळही किल्लीचा (नोंद ओळखणाऱ्या मूल्याचा) भाग हवी. मर्यादेबाहेर गेलेली पिढी कॅटलॉगमधून गळते. तबकडीवरील तिची प्रत तेव्हा फक्त सूचीच्या आधारावर जगते.

टेपच्या लेबलात ९९३६५ ही तारीख ‘कधीच मुदत संपू नये’ या अर्थाने लिहिण्याचा प्रघात होता. वर्षाचे दोन अंक व दिवसाचे तीन, या वाचनाने ती ३१ डिसेंबर १९९९ होते. जुन्या लेबलांवरून भरलेल्या सूचीत अशा नोंदी मुदतबाह्य ठरून गळू शकतात. मुंबईपुरती आणखी एक अडचण नावांची आहे. शहराचे इंग्रजी नाव १९९५ मध्ये अधिकृतपणे बदलले. शाखा ओळखण्यासाठी डेटासेटच्या नावात शहराची तीन अक्षरे घालण्याची पद्धत जेथे असते, तेथे ‘एमयूएम’ शोधणाऱ्याला आधीच्या ‘बीओएम’ फाइली दिसत नाहीत. तबकडीवरील नाव बदलता येत नसल्याने सूचीत पर्यायी नावाचा स्तंभ ठेवणे एवढेच हाती राहते.

सूचीची जागा : सूची मध्यवर्ती असावी की प्रत्येक तबकडीने आपली यादी स्वतः वागवावी, यावर दोन मते आहेत. तबकडीवरील यादी लिहिल्या क्षणीच गोठते. मध्यवर्ती सूची अद्ययावत राहते, पण ती ज्या यंत्रावर आहे ते बंद पडले की तीही गेली. व्यवहारात मध्यवर्ती सूची प्रमाण मानून प्रत्येक संचाच्या शेवटच्या तबकडीवर तोपर्यंतची संपूर्ण सूची साध्या मजकुराच्या फाइलीत उतरवणे अधिक सुरक्षित ठरते. कॅटलॉगचा व सूचीचा स्वतःचा बॅकअप ज्या तबकडीवर आहे, तिचा क्रमांक मात्र कागदावर, दुसऱ्या ठिकाणच्या नोंदवहीत हवा. कुलपाची किल्ली त्याच कपाटात ठेवण्याचा प्रकार येथे नेहमी घडतो.

साठवण : पावसाळ्यात मुंबईची सापेक्ष आर्द्रता दिवसेंदिवस ८० टक्क्यांवर राहते, तबकड्यांसाठी ती २० ते ५० टक्के सांगितली जाते. वातानुकूलित खोलीतून काढलेली थंड तबकडी बाहेरच्या दमट हवेत येताच तिच्यावर बाष्प धरते, म्हणून तासभर डबीतच ठेवून मग ड्राइव्हमध्ये घालावी. सीडीचा परावर्तक थर वरच्या बाजूला केवळ लॅकरच्या (रोगणाच्या) पातळ लेपाखाली असतो; बॉलपेनने किंवा स्पिरिटच्या शाईने तेथे क्रमांक लिहू नये, आणि चिकटपट्टी लावूच नये. क्रमांक मधल्या पारदर्शक कड्यावर, पाण्याच्या शाईने. डीव्हीडीत तो थर ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्यांच्या मध्ये असल्याने धोका कमी. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. तळघरातील साठा आणि त्याची सूची एकाच इमारतीत ठेवू नये, हे त्यानंतर वेगळे सांगावे लागत नाही.

कायदा : बँकर्स बुक्स एव्हिडन्स अ‍ॅक्ट, १८९१ मध्ये माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० ने कलम २ए घातले. संगणकातील बँकनोंदीची छापील प्रत पुरावा म्हणून देताना प्रणालीच्या जबाबदार व्यक्तीच्या प्रमाणपत्रात इतर गोष्टींबरोबर हेही सांगावे लागते : डेटा काढून नेता येणाऱ्या माध्यमावर कसा नेला, तो अचूक गेल्याची खात्री कशी केली, ती माध्यमे कशी ओळखली जातात, आणि ती कोणाच्या ताब्यात कशी ठेवली आहेत. ही चारही उत्तरे नीट ठेवलेल्या सूचीच्या स्तंभांतच असतात. लिहिणाऱ्या व तपासणाऱ्या कर्मचाऱ्यांची नावे आणि ताबा बदलल्याच्या तारखा हे स्तंभ मात्र आयत्या प्रणालींत सहसा नसतात, ते जोडून घ्यावे लागतात.

स्थलांतर : ५.२५ इंची मॅग्नेटो-ऑप्टिकल तबकड्या आजही वाचण्याजोग्या असू शकतात, ड्राइव्ह मात्र दुर्मिळ झाले आहेत. नव्या माध्यमावर नेताना जुना व्हॉलसर, बाजू व सेक्टर यांची नोंद पुसू नये. जुन्या तपासणी अहवालांत आणि न्यायालयीन प्रमाणपत्रांत तेच क्रमांक असतात. नव्या प्रतीची बेरीज मूळ नोंदीशी जुळल्यावरच जुन्या तबकडीपुढे ‘बाद’ असा शेरा मारतात, आणि तबकडी फोडल्याची तारीख त्याच ओळीत येते.