दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेतील भिंगाची स्वच्छता

छोट्या छेदांतून दुर्बीण व लांब दांड्यांची हत्यारे शरीरात घालून केल्या जाणाऱ्या शस्त्रक्रियेत दुर्बिणीच्या टोकाची काच शेवटपर्यंत निर्मळ राखण्याची पद्धती. अशा शस्त्रक्रियेत शल्यचिकित्सकाला आतले जे काही दिसते ते पडद्यावरच दिसते आणि ते सारे चित्र बहुधा ५ किंवा १० मिमी. व्यासाच्या नळीतून येते. त्यामुळे काचेवर बसलेला रक्ताचा एक थेंब सबंध चित्र लाल करून टाकतो, आणि असे नेमके रक्तस्राव सुरू झाल्यावर, म्हणजे दृष्टीची सर्वाधिक गरज असताना घडते.

सर्वांत नेहमीची अडचण बाष्पाची. उदरपोकळी सुमारे ३७° से. तापमानाची व बाष्पाने भरलेली असते. शस्त्रक्रियागृहाच्या गारव्यात ठेवलेली दुर्बीण तीत शिरली, की गार पाण्याच्या पेल्याला बाहेरून पाणी सुटावे तसे काचेवर दव धरते; काच शरीराइतकी उबदार झाली, की ते थांबते. म्हणून दुर्बिणीचे टोक आत घालण्यापूर्वी थर्मासमधील निर्जंतुक गरम सलाईनमध्ये बुडवून ठेवतात. धुकेरोधक द्रव किंवा पोव्हिडोन आयोडीन हे जंतुनाशक काचेला लावून पुसण्याचीही रीत आहे. धुकेरोधक द्रवामुळे पृष्ठताण कमी होऊन पाण्याचे थेंब न बनता पातळ, पारदर्शक थर पसरतो. पोट फुगवण्यासाठी सोडला जाणारा कार्बन डाय-ऑक्साइड कोरडा व थंड असतो. त्याची नळी दुर्बिणीच्याच पोर्टला (छेदात बसवलेल्या, दुर्बीण किंवा हत्यार आत नेण्याच्या नळीला) जोडलेली असेल तर काच पुनःपुन्हा गार पडते. नळी दुसऱ्या पोर्टला लावणे हा यावरचा बिनखर्चाचा उपाय आहे.

रक्त, चरबी व विद्युतदहनाचा (विजेच्या उष्णतेने ऊती जाळण्याचा) धूर यांनी काच मळते. धूर एखाद्या पोर्टची तोटी किंचित उघडून किंवा शोषकाने बाहेर काढतात. किरकोळ डाग यकृताच्या किंवा उदरावरणाच्या गुळगुळीत पृष्ठभागावर काच अलगद टेकवून पुसता येतो, त्यामुळे दुर्बीण बाहेर काढावी लागत नाही. काढावीच लागली, तर नुसती काच पुसून भागत नाही: पोर्टच्या झडपेत अडकलेले रक्त परत आत जाताना पुन्हा काचेला लागते आणि दोष मात्र दुर्बीण धरणाऱ्या सहायकाला मिळतो. यासाठी पोर्टमध्ये गॉजची वात फिरवून तो आतून कोरडा करावा लागतो. पुसताना दुर्बीण निर्जंतुक कापडावर टेकवून ठेवू नये. दुर्बिणीतून आत सोडल्या जाणाऱ्या प्रकाशाचे ‘शीत प्रकाश’ हे नाव फसवे असून प्रकाशतंतूच्या टोकाने कापड व त्वचा भाजू शकते.

काच पुसूनही चित्र धूसरच राहिले, तर ओल बहुधा नेत्रिका (दुर्बिणीचे बाहेरचे, डोळ्याकडचे भिंग) व कॅमेरा यांच्या जोडावर असते. तो जोड उघडून कोरडा केल्यानेही फरक पडला नाही, तर दुर्बिणीच्या आतील सील निकामी झालेले असण्याचा संभव असतो. अशी दुर्बीण बदलून दुरुस्तीला पाठवावी लागते.