नांगराने सोडलेलं रान

दक्षिण ऑस्ट्रेलिया राज्यातल्या फ्लुरिओ द्वीपकल्पात बऱ्याच छोट्या कॉन्झर्वेशन पार्कांच्या, म्हणजे कायद्याने राखलेल्या रानांच्या तोंडाशी एक जाड ब्रश बसवलेला असतो. आत जाण्याआधी बुटांच्या तळाची माती खरवडून काढायची, त्यावर जंतुनाशक मारायचं आणि मगच वाट धरायची. फायटॉफ्थोरा नावाचा मातीतून पसरणारा रोग इथे आहे. तो मुळं कुजवतो, आणि मग याका, बँक्सिया अशी झाडं उभ्याउभ्या वाळून जातात. बुटाच्या खाचेत अडकलेला ओला चिखल एवढ्याला पुरतो.

आत गेलं की तास-दीड तासात पार्क संपतं. माउंट मॅग्निफिसंट कॉन्झर्वेशन पार्क तर शंभर हेक्टरसुद्धा नाही. माथ्यावरून चारी बाजूंना कुरणं आणि तारेची कुंपणं दिसतात. सह्याद्रीत भटकलेल्या माणसाला इथे पहिल्यांदा चुकल्यासारखं होतं, कारण वर तटबंदी नाही, पाण्याचं टाकं नाही, चढही बेताचा. मला या पार्कांची गोडी लागली ती ‘हा तुकडा नेमका इथेच आणि एवढाच का उरला?’ हा प्रश्न पडल्यावर. त्याचं उत्तर जमिनीत आहे.

दक्षिण ऑस्ट्रेलियाची वसाहत १८३६ साली सुरू झाली. पेरामांक, गार्ना आणि नारिंजरी लोकांची ही भूमी मोजणीदारांनी चौकोनांत कापून विकायला काढली. त्या लोकांनी हजारो वर्षं बेताबेताने आग लावून जे रान सांभाळलं होतं, ते नव्या मालकांच्या लेखी साफ करायचं जंगल होतं. गहू हे राज्याचं पीक झालं. १८६५ मध्ये वसाहतीचे मुख्य मोजणीदार जॉर्ज गॉयडर यांनी दुष्काळाची पाहणी करून नकाशावर रेघ मारली: तिच्या दक्षिणेला शेती करा, उत्तरेला पावसाचा भरवसा नाही. रेषेच्या दक्षिणेकडचं जवळजवळ सगळं मग नांगराखाली गेलं. मॅली नावाच्या बुटक्या निलगिरीची चिवट खोडं जमिनीत राहून फाळ मोडायची, तर १८७६ मध्ये यॉर्क द्वीपकल्पात खोड आडवं आलं की आपोआप उचलला जाऊन पुढे जाणारा नांगर निघाला. सरकारी जमीन भाडेपट्ट्याने घेतली तर झाडी तोडण्याची अटच असे.

तरीही काही जमीन उरली. माथ्यावरची, जांभ्यासारख्या लोहयुक्त खडकाची. पांढऱ्या, निकस वाळूची. पावसाळ्यात पाणी साचून राहणारी. आपल्याकडे जिला बरड म्हणून सोडून देतात, तशीच. तिच्यावरही दुसऱ्या महायुद्धानंतर संकट आलं. त्या मातीत तांबं आणि जस्त अतिशय कमी आहे हे तोवर कळलं होतं. सुपरफॉस्फेट या फॉस्फरसयुक्त खताबरोबर या धातूंची चिमूट टाकली की तिथेही कुरण उगवू लागलं. ‘नाइन्टी माइल डेझर्ट’ म्हणून ओळखला जाणारा पट्टा ‘कूनॅल्पिन डाउन्स’ असं नवं नाव घेऊन शेतीत आला. दोन ट्रॅक्टरांमध्ये जाडजूड साखळी बांधून एका फेरीत रानाची रुंद पट्टी आडवी करायची, हे त्या काळातलं नेहमीचं दृश्य होतं.

मला या इतिहासातली सर्वांत विलक्षण वाटते ती रसायनाची गोष्ट. ज्या फॉस्फरसच्या अभावामुळे ही माती गव्हाला नालायक ठरली, त्याच अभावावर इथली झाडं पोसली आहेत. बँक्सिया आणि तिच्या भाऊबंदांनी बारीक मुळ्यांचे दाट झुबके तयार करून मातीतला कणन्‌कण फॉस्फरस ओढून घ्यायची रीत साधली आहे. त्यांच्यातल्या कित्येकांना सुपरफॉस्फेट विषासारखं लागतं. कुठल्याही एका धटिंगण झाडाला तिथे सगळी जागा बळकावता येत नाही, म्हणून दहा पावलांत दहा तऱ्हेची झुडपं सापडतात. याकाचं खोड वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतं. कमरेइतका याका म्हणजे शंभरेक वर्षांचा ऐवज समजावा. वणव्यात तो काळाठिक्कर पडतो आणि मग भाल्यासारखा उंच फुलोरा काढतो.

ही उरलेली जमीन जपायला हवी असं म्हणणारे पुढे आले ते बहुतेक पायी फिरणारेच होते. राज्यातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान बेलेअर इथे १८९१ मध्ये झालं. त्यामागे निसर्गप्रेमींच्या मंडळाचा रेटा होता, पण आगगाडीने जाऊन सहल करावी, हाच लोकांच्या मनातला त्याचा उपयोग. चालण्याला चळवळीचं रूप आलं ते न्यू साउथ वेल्समध्ये, म्हणजे सिडनीच्या राज्यात. माइल्स डन्फी आणि सोबत्यांनी १९१४ मध्ये ‘माउंटन ट्रेल्स क्लब’ काढला, फक्त पुरुषांचा. १९२७ मध्ये ‘सिडनी बुश वॉकर्स’ निघाला, त्यात बायकाही होत्या. ‘बुशवॉकर’ (रानात पायी भटकणारा) हा शब्द रुळला तो इथून.

१९३१ च्या ईस्टरला ब्लू माउंटन्समधल्या ग्रोस दरीत उतरलेल्या एका गटाला कळलं, की तळाचं ब्लू गम वृक्षांचं उंच, सरळसोट रान पट्टेदार तोडणार आहे आणि तिथे अक्रोड लावणार आहे. त्यांनी त्याच्याशी बोलणी केली आणि १३० पौंडांवर सौदा ठरला. महामंदीचे दिवस, लोकांच्या नोकऱ्या जात होत्या, तरी क्लबांनी पैसे उभे केले. १९३२ मध्ये ते रान राखीव झालं. आजही तिथे त्या झाडांखालून चालता येतं.

मेरी बाइल्स यांचं काम मला याच तोलाचं वाटतं. १९२४ मध्ये न्यू साउथ वेल्समधल्या पहिल्या महिला सॉलिसिटर झालेल्या या बाई पट्टीच्या चालणाऱ्या होत्या. सिडनीच्या उत्तरेची बूडी ही किनाऱ्यालगतची डोंगरधार राखीव करावी म्हणून त्या पाठपुरावा करत राहिल्या, आणि १९३५ मध्ये ते झालं. नंतर शनिवार-रविवारी जाऊन पायवाटा बांधल्या त्याही याच मंडळींनी.

इकडे दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या राजधानीत, ॲडलेडमध्ये, ‘ॲडलेड बुशवॉकर्स’ १९४६ मध्ये सुरू झाला. १९४८ पासून कामाचा आठवडा ४० तासांचा झाला आणि नोकरदारांना अख्खा शनिवार मोकळा मिळू लागला. कायदा मागून आला. २७ एप्रिल १९७२ रोजी नव्या ‘नॅशनल पार्क्स अँड वाइल्डलाइफ’ कायद्याखाली राज्यातल्या राखीव जागांची फेरमांडणी झाली. आधी राष्ट्रीय उद्यान म्हणवणारे कितीतरी छोटे तुकडे ‘कॉन्झर्वेशन पार्क’ झाले. राष्ट्रीय महत्त्वाची अट त्यांना नव्हती. जपण्याजोगी झाडं, प्राणी किंवा इतिहास असला की पुरे. कुणाला ही पायरी उतरणं वाटेल. मला ती मोठी सोय वाटते, कारण पन्नास-शंभर हेक्टरच्या तुकड्यालाही त्यामुळे कायद्याचं कुंपण मिळालं.

हे सुटे तुकडे पायवाटेने जोडायची कल्पना वॉरन बॉनिथन यांनी १९६९ मध्ये मांडली. तिचीच पुढे केप जर्विस ते पॅराचिल्ना घळ अशी सुमारे १,२०० किलोमीटरची हेसन ट्रेल झाली. जुन्या मोजणीत रस्त्यांसाठी एक साखळी, म्हणजे वीस मीटर रुंदीच्या पट्ट्या सोडलेल्या होत्या आणि कित्येक ठिकाणी रस्ता कधी झालाच नव्हता. वाट अशा पट्ट्यांतून, वनखात्याच्या जमिनीतून आणि शेतकऱ्यांच्या परवानगीने त्यांच्या कुरणांतून जाते. कुंपण आलं की लाकडी शिडीवरून पलीकडे उतरायचं. उन्हाळ्यात वणव्याच्या मोसमात खासगी जमिनीतले टप्पे बंद असतात, म्हणून इथला चालण्याचा हंगाम थंडी-पावसातला.

झाडतोडीला खरा लगाम बसला तो १९८३ मध्ये, रान तोडायला सरकारी परवानगी लागू लागली तेव्हा. शेतकऱ्यांचा संताप झाला, प्रकरण न्यायालयात गेलं, आणि १९८५ च्या कायद्याने परवानगी नाकारलेल्यांना भरपाई देऊ केली. १९९१ मध्ये नियम आणखी कडक झाले. त्याआधीच, १९८० पासून, ‘हेरिटेज ॲग्रीमेंट’ सुरू झालं होतं: मालक आपलं रान राखायचं कबूल करतो आणि सातबाऱ्यावर बोजा चढावा तसा तो करार जमिनीला चिकटतो. जमीन विकली तरी तो नव्या मालकावर बंधनकारक राहतो.

पार्कांच्या नकाशावर न दिसणाऱ्या या जमिनींचं मोल एका पक्ष्यामुळे कळतं. माउंट लॉफ्टी रांगेतला सदर्न इम्यू-रेन आठेक ग्रॅमचा असतो, त्याची शेपटी इम्यूच्या पिसांसारखी विरळ आणि संख्येने फक्त सहा पिसांची. त्याला लांब उडता येत नाही, उघडं कुरण ओलांडणं त्याला जमत नाही. कॉक्स स्क्रबसारख्या पार्कात तो तगून आहे, पण त्याला हव्या असलेल्या फ्लुरिओच्या दलदली बहुतेक शेतकऱ्यांच्या मालकीच्या जमिनीत आहेत. दोन पार्कांच्या मधल्या ओढ्याकाठी कुणी गुरं आत शिरू नयेत म्हणून कुंपण घातलं, तरच त्याला एका रानातून दुसऱ्या रानात जाता येतं.