७७ तासांचा आठवडा

२०२४च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरच्या बिनपगारी कामाला बायका दिवसाला २८९ मिनिटं देतात, पुरुष ८८. ही ८८सुद्धा फक्त घरकाम करणाऱ्या पुरुषांची सरासरी. कामाला हातच न लावणारे तिच्यात धरलेले नाहीत! आकडे वाचताना ॲन ओकली आठवल्या.

ओकली ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ, जन्म १९४४चा. जैविक लिंग वेगळं आणि समाजाने घडवलेला लिंगभाव वेगळा, हा फरक त्यांनी १९७२च्या पुस्तकात मांडला. बायकांचा मेंदूच मुळी एका वेळी दहा कामं करायला घडलेला असतो, असं व्हॉट्सॲपवर आजही फिरतं. त्याला भक्कम पुरावा नाही.

तेव्हाच्या समाजशास्त्रात ‘काम’ म्हणजे कारखान्यातलं. घरकामाची गणती नवराबायकोच्या नात्यात व्हायची. ओकलींनी लंडनमधल्या, मुलं असलेल्या ४० तरुण गृहिणींना गाठलं आणि कामगारांना विचारतात तेच विचारलं: काम कंटाळवाणं वाटतं का, तुकड्यातुकड्यांत करावं लागतं का, सतत घाई असते का? कंटाळा ७५ टक्के जणींनी सांगितला; आधीच्या एका पाहणीत असेंब्ली लाइनवरच्या कामगारांत तो ६७ टक्के होता. तुकडे ९० विरुद्ध ८६. घाई ५० विरुद्ध ३६.

मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो पुढचा भाग. घरकामातलं चांगलं काय, असं विचारल्यावर या बायका म्हणत, ‘आपले आपण मालक.’ मग काम इतकं का जाचतं? वर साहेब नाही, पगार नाही, काम संपल्याची घंटा नाही. मग ‘झालं’ कधी म्हणायचं? म्हणून बाई स्वतःच ठरवते: चादरी अमुक वारी, फरशी रोज. ठरवलेलं पार पडलं की समाधान मिळतं, तेवढाच तिचा मोबदला. पण पाळता पाळता तो नियम तिचा उरत नाही, बाहेरून कुणी घालून दिल्यासारखा होतो. चुकला की मन खातं. ज्या स्वातंत्र्याने नियम केला, ते त्याच नियमात अडकतं.

मुलांचं धरून या ४० जणींचं काम आठवड्याला सरासरी ७७ तास भरलं. सर्वाधिक १०५, सर्वांत कमी ४८. ती ४८ तासवाली बाहेर पूर्णवेळ नोकरीही करत होती.