डिस्पोजलचा माल आणि रिकामी कोठारे

सोलापुरात ‘डिस्पोजलचा माल’ म्हटले की जुन्या पिढीला अजूनही लष्करी वस्तूच आठवतात. जाड लोकरीची पांघरुणे, कॅनव्हासच्या पिशव्या, पत्र्याच्या पेट्या असा तो माल असे. आमच्या घरी ज्वारीच्या पोत्यांशेजारी अशी एक पेटी कित्येक वर्षे होती. तिचा हिरवा रंग खपल्या-खपल्यांनी उडालेला होता, एका कडीच्या जागी सुतळी बांधलेली होती आणि झाकणाच्या कोपऱ्यात वर टोक केलेला लहानसा बाण ठशाने उमटवलेला होता. आजोबांनी ती आठवडी बाजारातून आणली होती आणि आजी तिच्यात कडक भाकऱ्या ठेवत असे. तो बाण म्हणजे सरकारी मालमत्तेची ब्रिटिशकालीन खूण, हे मला पुष्कळ उशिरा कळले. लष्करी वाहनांच्या नंबर प्लेटवर तोच बाण आजही असतो.

लष्करात दारूगोळ्याची किंवा कपड्यांची टंचाई असल्याची बातमी आली की एक प्रश्न हमखास विचारला जातो. जवानांना जे मिळत नाही ते बाजारात कसे विकायला येते? प्रश्नातला राग समजण्यासारखा आहे, पण त्यात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत झालेली असते. लष्कराने काढून टाकलेला माल आणि लष्करात कमी पडणारा माल बहुतेक वेळा एक नसतो. तो एकच असल्याचे प्रसंगही इतिहासात आहेत आणि त्यांतले सर्वांत बोलके प्रसंग आपल्याच देशात, स्वातंत्र्याच्या आगेमागे घडले.

दुसरे महायुद्ध संपले तेव्हा भारत हे ब्रह्मदेश आणि चीनच्या आघाड्यांना रसद पुरवणारे एक प्रचंड कोठार झाले होते. अमेरिकी आणि ब्रिटिश सैन्य परत निघाले, पण ट्रक, जीप, विमाने, तंबू, तारा, औषधे आणि सुटे भाग परत नेण्याचा खर्च मालाच्या किमतीपेक्षा जास्त होता. या मालाची विल्हेवाट लावण्यासाठी भारत सरकारने स्वतंत्र डिस्पोजल्स खाते उभे केले आणि बाजारात रुळलेला ‘डिस्पोजल’ हा शब्द त्या खात्याच्या नावातून आला. पुढे पुरवठा आणि विल्हेवाट ही दोन्ही कामे एकाच महासंचालनालयाकडे गेली. ते कार्यालय ३१ ऑक्टोबर २०१७ रोजी बंद झाले.

या विक्रीतून देशात अक्षरशः नवे उद्योग उभे राहिले. डाकोटा जातीची वाहतुकीची विमाने इतकी स्वस्त मिळाली की १९४६-४७ मध्ये अनेक उद्योजकांनी खासगी विमान कंपन्या काढल्या. बिजू पटनाईक यांची कलिंग एअरलाइन्स त्यांपैकीच एक. मग २७ ऑक्टोबर १९४७ चा दिवस उजाडला. टोळीवाले श्रीनगरच्या उंबरठ्यावर आले होते, शीख रेजिमेंटची पहिली तुकडी हवाई मार्गाने तिथे उतरवायची होती आणि हवाई दलाकडे पुरेशी वाहतूक विमाने नव्हती. तेव्हा सरकारने खासगी कंपन्यांची डाकोटा विमाने मागवून घेतली. लिलावात गेलेली तीच युद्धकालीन विमाने सैनिक, दारूगोळा आणि पुढे निर्वासित वाहू लागली. विक्री चुकीची होती असे यावरून म्हणता येणार नाही. ती विमाने विकली गेली म्हणूनच उडत्या स्थितीत राहिली, त्यांना वैमानिक आणि तंत्रज्ञ मिळाले आणि गरजेच्या वेळी ती हाताशी सापडली.

त्याच काळातली लिबरेटर या बॉम्बफेकी विमानांची कथा नेमकी उलट आहे. ही चार इंजिनांची विमाने ब्रिटिशांनी कानपूरच्या तळावर मोठ्या संख्येने मोडीत टाकली होती आणि ती पुन्हा कोणाच्या उपयोगी पडू नयेत अशी तजवीजही करून ठेवली होती. उपकरणे फोडली होती, इंजिनांत वाळू ओतली होती. काश्मीरच्या युद्धात भारतीय हवाई दलाकडे अवजड बॉम्बफेकी विमान नव्हते. बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्याच्या तंत्रज्ञांनी त्या भंगारातून एकेक विमान उडण्यापुरते जोडले, कारखान्याचे चाचणी वैमानिक जमशेद मुन्शी यांनी ती कानपूरहून बंगळूरला उडवत नेली आणि तिथे त्यांची पूर्ण दुरुस्ती झाली. नोव्हेंबर १९४८ मध्ये या विमानांची पहिली स्क्वाड्रन उभी राहिली. मोडीत काढलेली ही विमाने हवाई दलाने १९६८ पर्यंत वापरली.

सोलापूरचा संबंध येतो तो याच वर्षाशी. १३ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थानाविरुद्धची कारवाई सुरू झाली तेव्हा मुख्य चढाई सोलापुरातून निघाली. मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्या नेतृत्वाखालच्या चिलखती दलाने पहिल्याच दिवशी सुमारे ४५ किलोमीटरवरचे नळदुर्ग घेतले, बोरी नदीवरचा पूल शाबूत हाती आला आणि हैदराबादचा रस्ता मोकळा झाला. १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती जाहीर केली. रझाकारांच्या जाचामुळे सरहद्दीवरच्या गावांतून सोलापुरात आलेल्या कुटुंबांच्या आठवणींत या कारवाईच्या लष्करी गाड्या हमखास असतात. ते रणगाडे आणि त्या गाड्या बहुतांशी महायुद्धातलीच शिल्लक होती. नवे काही विकत घेण्याइतके परकीय चलनही नव्हते आणि वेळही नव्हता.

त्याच वर्षी भारताने परदेशात जीपगाड्या शोधायला सुरुवात केली होती. लंडनमधले उच्चायुक्त व्ही. के. कृष्ण मेनन यांनी जुन्या, दुरुस्त केलेल्या जीपांसाठी सुमारे ८० लाख रुपयांचा करार केला. प्रत्यक्षात १५५ जीपा मद्रास बंदरात उतरल्या आणि त्या लष्कराच्या कामाच्या नव्हत्या. स्वतंत्र भारतातला पहिला मोठा संरक्षण खरेदी घोटाळा म्हणून हे प्रकरण गाजले आणि सरकारने ते १९५५ मध्ये मिटवून टाकले. एकदोन वर्षांपूर्वीच डिस्पोजलच्या लिलावात जीपा विकणाऱ्या देशावर दुसऱ्याच्या डिस्पोजलमधल्या जीपा विकत घेण्याची वेळ यावी, यातला उपरोध त्या काळी फारसा कोणाच्या लक्षात आलेला दिसत नाही.

१९६२ ची टंचाई वेगळ्या जातीची होती. तिथे काही विकल्यामुळे कमी पडले नाही, मुळात घेतलेच गेले नव्हते. नेफाच्या, म्हणजे आजच्या अरुणाचल प्रदेशाच्या, आघाडीवर सुती गणवेशात आणि कॅनव्हासच्या बुटांत, पॉइंट ३०३ बंदुका घेऊन सैनिक चौदा-पंधरा हजार फुटांवर चढवले गेले. सरकारी शस्त्रास्त्र कारखान्यांत कॉफीची यंत्रे बनवली जात असल्याची टीका त्या वर्षांत संसदेत झाली होती. शांततेच्या काळात रिकामी राहणारी यंत्रसामग्री नागरी मालासाठी वापरण्यात तत्त्वतः चूक नव्हती, पण सैनिकाच्या पायात धड बूट नसताना तो युक्तिवाद कोण ऐकणार? तोवर संरक्षणमंत्री झालेले मेनन गेले आणि सह्याद्री हिमालयाच्या मदतीला धावला. नवे संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाणांच्या कारकिर्दीच्या आरंभीच, नोव्हेंबर १९६२ मध्ये, संरक्षण उत्पादनासाठी स्वतंत्र विभाग स्थापन झाला.

लष्करी कोठारातली वस्तू मोडीत कशी निघते, हे थोडे पाहिले पाहिजे, कारण गल्लत इथेच होते. वाहनाच्या बाबतीत ठरावीक वर्षे आणि ठरावीक किलोमीटर झाले की त्याची तपासणी होते. दुरुस्तीचा खर्च परवडण्याच्या पलीकडे गेला असेल तर अधिकाऱ्यांचे मंडळ ते वाहन बाद ठरवते आणि मग ते लिलावात जाते. हे लिलाव आता बहुतांशी एमएसटीसी या सरकारी कंपनीमार्फत ऑनलाइन होतात. जुन्या जोंगा आणि जिप्सी याच वाटेने शौकिनांच्या हाती येतात. घेणाऱ्याला विक्रीचा दाखला घेऊन आरटीओकडे नव्याने नोंदणी करावी लागते आणि गाडीचा रंगही बदलावा लागतो, कारण केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार संरक्षण खात्याच्या वाहनांखेरीज कोणत्याही वाहनाला ऑलिव्ह ग्रीन रंग देता येत नाही. बंदुकांचा तर प्रश्नच नाही. पॉइंट ३०३ सारखी लष्करी बोअरची शस्त्रे नागरिकांना निषिद्ध आहेत. अमेरिकेत मात्र १९०३ पासून चालत आलेल्या नेमबाजीच्या कार्यक्रमातून लष्कराच्या जुन्या एम-वन रायफली नागरिकांना रीतसर विकल्या जातात.

अशा झिजलेल्या किंवा कालबाह्य मालाच्या विक्रीने टंचाई होत नाही. धोका असतो तो ‘मंजूर संख्येपेक्षा जास्त’ म्हणून विकल्या जाणाऱ्या चांगल्या मालात. एका वहीत जास्त दिसणारी वस्तू दुसऱ्या वहीत कमी असू शकते आणि दोन्ही वह्या एकत्र पाहणारा माणूस जागेवर असेलच असे नाही. याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण अमेरिकेचे आहे. तिथल्या संसदेच्या लेखापरीक्षण संस्थेने २००२ मध्ये दाखवून दिले की रासायनिक आणि जैविक हल्ल्यापासून बचाव करणारे नवे पोशाख संरक्षण खाते सुमारे २०० डॉलरला एक या दराने लाखोंनी विकत घेत होते आणि त्याच वेळी तेच पोशाख जास्तीचा माल म्हणून इंटरनेटवर तीन डॉलरपेक्षाही कमी किमतीत विकत होते. पुढे २००७ मध्ये एफ-१४ विमानांच्या सुट्या भागांची विक्री थांबवावी लागली, कारण ती विमाने वापरणारा एकमेव उरलेला देश इराण होता.

भारतातल्या अलीकडच्या टंचाईची मुळे मात्र विक्रीत नाहीत, खरेदीत आहेत. १९९९ मध्ये कारगिलच्या वेळी लष्करप्रमुख जनरल वेदप्रकाश मलिक यांनी जे आहे त्यानिशी लढू असे सांगितले, त्या वाक्यात धैर्य होते आणि कबुलीही होती. ४० दिवसांच्या तीव्र युद्धाला पुरेल इतका दारूगोळा साठवण्याचे प्रमाण ठरलेले असताना, २०१७ च्या अहवालात महालेखापरीक्षकांनी १५२ पैकी ६१ प्रकारांचा साठा दहा दिवसांपुरताही नसल्याचे नोंदवले. मार्च २०१८ मध्ये उपसेनाप्रमुखांनी संसदीय समितीपुढे सांगितले की सैन्याची ६८ टक्के सामग्री जुनाट वर्गात मोडते. फेब्रुवारी २०२० मध्ये संसदेत मांडलेला अहवाल सियाचीन, लडाखसारख्या उंच भागांतल्या जवानांविषयी होता. बर्फातल्या चष्म्यांची कमतरता ६२ ते ९८ टक्के होती आणि नोव्हेंबर २०१५ ते सप्टेंबर २०१६ या काळात बहुउद्देशीय बूट मिळाले नसल्याने जुनेच बूट पुन्हा वापरात आणावे लागले. बुलेटप्रूफ जाकिटांच्या खरेदीला २००९ मध्ये मंजुरी मिळाली होती आणि १,८६,१३८ जाकिटांचा करार एप्रिल २०१८ मध्ये झाला. त्या नऊ वर्षांत कोणी जाकिटे विकून खाल्ली नव्हती. चाचण्या, निविदा, फेरनिविदा यांतच ती वर्षे गेली.

बाजारात दिसणाऱ्या ‘मिलिटरी’ कपड्यांचे गणित आणखी निराळे आहे आणि गणवेश शिवण्याचा धंदा जोरात असलेल्या सोलापुरात ते समजायला सोपे जाते. नव्या पेठेतल्या दुकानात टांगलेले ठिपक्या-पट्ट्यांचे जाकीट लष्कराच्या कोठारातून आलेले नसते. ते गिरणीच्या कापडातून शिवलेले असते. २०१७ मध्ये जवानांना वर्षाला दहा हजार रुपये पोशाख भत्ता सुरू झाल्यापासून रोजचा गणवेश जवान स्वतः घेऊ लागले. अतिशीत भागातला पोशाख मात्र आजही सरकारच देते. साहजिकच गणवेशाचे कापड छावणीबाहेरच्या दुकानांत अधिक उघडपणे खेळू लागले. जानेवारी २०१६ मध्ये पठाणकोटच्या तळावर हल्ला करणारे लष्करी पोशाखात होते आणि त्यानंतर सैन्याने नागरिकांना तसे कपडे न घालण्याचे, दुकानदारांना ते न विकण्याचे आवाहन केले होते. सैनिक असल्याचे भासवण्यासाठी तो पोशाख घालणे गुन्हा आहेच. १५ जानेवारी २०२२ च्या सेनादिनी नव्या नक्षीचा गणवेश समोर आला आणि लष्कराने त्या नक्षीचे हक्कच आपल्या नावावर नोंदवून घेतले. त्यामुळे तशी नक्षी छापणाऱ्यावर आता थेट कारवाई करता येते.

मोडीत काढलेल्या मालाची किंमत युद्ध कसे बदलून टाकते, ते २०२३ च्या आरंभी बेल्जियममध्ये दिसले. तिथल्या सरकारने आपले ५० जुने लेपर्ड रणगाडे एका खासगी कंपनीला प्रत्येकी सुमारे ३७,००० युरोला विकून टाकले होते. युक्रेनला देण्यासाठी तेच रणगाडे परत हवे झाले तेव्हा कंपनी कितीतरी पट किंमत मागते अशी तक्रार खुद्द संरक्षणमंत्र्यांनी केली आणि कंपनीने ती फेटाळली.

भारतीय हवाई दल तर आता इतरांचे डिस्पोजल जाणीवपूर्वक गोळा करते. जग्वार विमान उडवणारा भारत हा शेवटचा देश उरल्याने त्याचे सुटे भाग मिळणे अवघड झाले, म्हणून फ्रान्सकडून ३१ निवृत्त जग्वारचे सांगाडे मिळवले गेले. २०२१ मध्ये फ्रान्सच्याच २४ जुन्या मिराज विमानांचा सौदा अवघ्या २.७ कोटी युरोला झाला. मंजूर ४२ स्क्वाड्रनपैकी मिग-२१ च्या २६ सप्टेंबर २०२५ च्या निवृत्तीनंतर २९ उरल्या. आपली जुनी विमाने इतक्यात काढून टाकणे हवाई दलाला परवडणारे नाही आणि ती आणखी किती वर्षे उडतील, हे या सांगाड्यांतून निघणाऱ्या सुट्या भागांवरही अवलंबून आहे.