पहाटे ३ चं काम, सकाळी १० ला

विंडोज एक्सपीत ऑटोमॅटिक अपडेट्सचं सेटिंग उघडलं की एक वेळ आधीच भरून ठेवलेली दिसायची: रोज, पहाटे ३. ही वेळ ठरवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर रात्रभर चालू राहणारा कॉम्प्युटर होता. आपल्याकडे संध्याकाळी ऑफिस बंद करताना शेवटचा माणूस मेन स्विचच बंद करून जातो. पहाटेचं काम राहून जायचं, आणि राहिलेलं इन्स्टॉलेशन मशीन पुन्हा चालू झाल्यावर मिनिटाभरात सुरू करायचं, असा एक्सपीचा नियम होता. म्हणजे सकाळी १० वाजता, टॅली उघडत असताना, समोर माणूस बिलासाठी उभा असताना.

‘अँटीव्हायरसनं पीसी स्लो केलाय’ ही तक्रार आपल्याकडे इतकी जुनी आहे की तिची कुणी चौकशीच करत नाही. बराचसा दोष या वेळापत्रकाचा आहे, असं माझं मत आहे. पण हे वेळापत्रक आलं कुठून, ते पाहायला थोडं मागं जावं लागतं.

१९८६ मध्ये लाहोरच्या अल्वी बंधूंनी ‘ब्रेन’ हा पीसीवरचा पहिला गाजलेला व्हायरस लिहिला. तो फ्लॉपीतून पसरायचा, त्यामुळे त्याचा प्रवास माणसाच्या खिशातून, म्हणजे सावकाश व्हायचा. त्या काळातला अँटीव्हायरसही तसाच निवांत: फ्लॉपी घाला, तपासा, काढा. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात केलेले कैलास काटकर आणि त्यांचे भाऊ संजय यांनी नव्वदच्या दशकात ‘क्विक हील’ आणलं, ते या फ्लॉपीच्या जगातच. त्यांची ‘कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस’ २००७ मध्ये ‘क्विक हील टेक्नॉलॉजीज’ झाली. तेव्हा स्कॅन हे आपण सांगू तेव्हा होणारं काम होतं. मशीन हळू झालं तरी ते का, हे समोर दिसायचं.

इंटरनेटनं हा निवांतपणा संपवला. जानेवारी २००३ मध्ये ‘स्लॅमर’ हा वर्म, म्हणजे नेटवर्कवरून आपोआप पसरणारा व्हायरस, काही मिनिटांत जगभर पोचला. त्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टनं सहा महिने आधीच देऊन ठेवली होती, लोकांनी ती टाकली नव्हती. त्याच वर्षी १६ जुलैला विंडोजमधल्या आणखी एका भगदाडाचं पॅच, म्हणजे दुरुस्ती, आलं, आणि महिना व्हायच्या आत, ११ ऑगस्टला, त्याच भगदाडातून ‘ब्लास्टर’ शिरला. लोकांचे पीसी साठ सेकंदांची उलटी मोजणी दाखवून आपोआप रीस्टार्ट होऊ लागले. गंमत अशी, की ब्लास्टरला १६ ऑगस्टपासून हल्ला करायचा होता तो अपडेट मिळण्याच्या पत्त्यावरच. मायक्रोसॉफ्टनं तो पत्ताच बंद करून वेळ निभावली.

यातून दोन निर्णय निघाले. ऑक्टोबर २००३ पासून पॅच महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी देण्याची पद्धत पडली. भारतात ते पोचेपर्यंत मंगळवारची रात्र होते, म्हणून आपला त्रासाचा दिवस बुधवार. दुसरा निर्णय ऑगस्ट २००४ च्या एक्सपी सर्व्हिस पॅक २ मध्ये दिसला: बाहेरून येणारी जोडणी अडवणारी फायरवॉल सुरुवातीपासून चालू, अँटीव्हायरस नसेल तर कोपऱ्यात लाल ढाल, आणि अपडेट आपोआप घ्या असा जोरदार आग्रह. ब्लास्टर पाहिलेल्या कुणीही हेच केलं असतं.

फक्त हे सगळं ज्या मशीनवर उतरलं, ती आपल्याकडची मशीन कशी होती? एक्सपीला १२८ एमबी रॅम पुरते असं खोक्यावर लिहिलेलं, म्हणून दुकानदारानं तेवढीच घातलेली. लोडशेडिंगमुळे अपडेट अर्ध्यात असताना यूपीएस किंचाळायचा. बीएसएनएलच्या काही ब्रॉडबँड प्लॅनमध्ये रात्री २ ते सकाळी ८ डाउनलोड फुकट असे. त्यासाठी जे लोक पीसी रात्रभर चालू ठेवत, त्यांची अपडेटं बहुधा नकळत वेळेवर होत असणार. सायबर कॅफेत आणखीच निराळा प्रकार. तिथे रीस्टार्ट केल्यावर डिस्क जशीच्या तशी पूर्ववत करणारं ‘डीप फ्रीझ’ असायचं. नीट वेळ ठरवून दिली नसेल, तर उतरवलेलं अपडेट रीस्टार्टबरोबर पुसलं जायचं आणि मशीन तेच पुन्हा उतरवत बसायचं.

अँटीव्हायरसही तोवर बदलला होता. आता तो प्रत्येक फाइल उघडताना मधे उभा राहायचा. प्रोग्राम फाइल मागतो, अँटीव्हायरसचा ड्रायव्हर ती अडवतो, तपासतो, मग पुढे सोडतो. असे दोन अँटीव्हायरस एकाच मशीनवर असले की एकाची तपासणी दुसऱ्याला संशयास्पद वाटते. नव्या लॅपटॉपबरोबर आलेला चाचणी आवृत्तीचा अँटीव्हायरस मुदत संपूनही तसाच पडून, आणि वर दुसरा विकत घेतलेला, हे चित्र अजूनही दिसतं. कंपन्यांनाही वजनाची लाज वाटू लागली होती. ‘नॉर्टन’ची २००५-०६ च्या सुमाराची आवृत्ती जडपणासाठी इतकी बदनाम झाली, की २००९ ची आवृत्ती हलकेपणाच्याच जाहिरातीवर विकावी लागली.

पण प्रत्येक वेळी आरोपी अँटीव्हायरस नव्हता. २०१३ मध्ये जगभरचे एक्सपी पीसी चालू झाले की तासतासभर गुदमरत. टास्क मॅनेजरमध्ये ‘एसव्हीसीहोस्ट’ नावाची विंडोजचीच एक प्रक्रिया प्रोसेसर शंभर टक्के खाताना दिसे. नावावरून काहीच कळत नसल्यामुळे अनेकांनी व्हायरस समजून विंडोजच नव्यानं टाकलं. खरं कारण विंडोज अपडेटमध्ये होतं. इंटरनेट एक्सप्लोररचं प्रत्येक नवं अपडेट आधीच्याची जागा घ्यायचं, आधीचं त्याच्या आधीच्याची. ‘तुला काय हवंय’ हे ठरवताना मशीन ही सगळी वंशावळ मुळापासून तपासायचं, आणि साखळीत एकेक कडी वाढली की हा हिशेब दुपटीच्या गतीनं वाढायचा. जानेवारी २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टनं जुनी अपडेटं यादीतून काढून टाकली, तेव्हा मशीन सुटली. ८ एप्रिलला एक्सपीचा आधारच संपला, म्हणजे नवी अपडेटं बंद झाली. पुढे २०१५-१६ मध्ये विंडोज ७ नंही ‘अपडेट शोधत आहे’ या पाटीवर लोकांना तासन्‌तास बसवलं.

२०१२ च्या विंडोज ८ पासून डिफेंडर हा अँटीव्हायरस विंडोजमध्येच आला, आणि २०१५ च्या विंडोज १० मध्ये होम आवृत्तीवाल्यांचा अपडेट नाकारण्याचा हक्क गेला. ठरावीक कामाच्या तासांत रीस्टार्ट करू नये ही सोय वर्षभरानं आली. होमवाल्यांना काही दिवस थांबवण्याचं बटण मिळायला २०१९ उजाडलं. देखभालीची नेमून दिलेली वेळ मात्र रात्रीचीच राहिली, पहाटे २.

आजही रात्री बंद होणाऱ्या, जुन्या हार्ड डिस्कच्या पीसीवर सकाळी टास्क मॅनेजर उघडा. प्रोसेसर १५ टक्के, मेमरी ६० टक्के, आणि डिस्क १००. वरच्या ओळींत ‘अँटीमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल’, म्हणजे डिफेंडर, आणि ‘विंडोज मॉड्यूल्स इन्स्टॉलर’, म्हणजे अपडेट. ठरलेल्या स्कॅनसाठी डिफेंडर प्रोसेसरवर सरासरी ५० टक्क्यांची मर्यादा पाळतो. अडचण प्रोसेसरची नसतेच. फिरणारी हार्ड डिस्क विखुरलेल्या जागांवरचं वाचन सेकंदाला साधारण शंभरेकदाच करू शकते. एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली चिपवरची डिस्क, हजारोंनी करते. एका रांगेत स्कॅन, अपडेट आणि तुमचं एक्सेल उभं असलं, तर एक्सेल कधी उघडणार ते उघड आहे. अँटीव्हायरस बदलून यात फारसा फरक पडत नाही, एसएसडी घातल्यावर पडतो. तोवर आठवड्यातून एकदा दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत मशीन चालू सोडून रीस्टार्ट द्यावं. रीस्टार्टच, कारण विंडोज ८ पासूनच्या ‘फास्ट स्टार्टअप’मुळे शटडाउन हे पूर्ण शटडाउन नसतं.

‘अपडेटच बंद करून टाका’ हा गल्लीतला सल्ला ब्लास्टरपासून चालत आलाय. मे २०१७ च्या ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर व्हायरसचं पॅच मार्चमध्येच उपलब्ध होतं, हे सांगितल्यावर तो थोडा ढिला पडतो. पण सल्ला देणाऱ्यांकडेही दाखले आहेत. २१ एप्रिल २०१० ला ‘मॅकॅफी’ अँटीव्हायरसच्या एका रोजच्या अपडेटनं एक्सपीमधल्या त्याच एसव्हीसीहोस्टला व्हायरस ठरवलं आणि मशीन पुन:पुन्हा रीस्टार्ट होत राहिली. जून २०१७ चा ‘नॉटपेट्या’ व्हायरस तर युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच पसरला आणि त्यात आपल्या जेएनपीटी बंदरातलं एक टर्मिनल ठप्प झालं. १९ जुलै २०२४ ला, भारतात सकाळी साडेनऊच्या पुढे, ‘क्राउडस्ट्राइक’ या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष फाइलनं सुमारे ८५ लाख विंडोज मशीन निळ्या पडद्यावर आणली. विमानतळांवर हातानं बोर्डिंग पास लिहिले गेले. मॅकॅफीच्या वेळी तिथले तंत्रज्ञानप्रमुख असलेले जॉर्ज कर्ट्झ हेच क्राउडस्ट्राइकचे प्रमुख होते.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. आपल्याकडच्या दुकानांत, क्लासेसमध्ये, ग्रामपंचायतींत अजून चालणारे जुने पीसी बरेचदा याच विंडोजवर आहेत, आणि विंडोज ११ च्या टीपीएम या सुरक्षेच्या चिपसारख्या अटींत त्यातले अनेक बसत नाहीत. वर्षभराच्या वाढीव पॅचसाठी नाव नोंदवलं नसेल, तर त्यांच्यावरची महिन्याची अपडेटं बंद झाली. डिफेंडरची व्हायरसयादी मात्र ऑक्टोबर २०२८ पर्यंत येत राहील, असं मायक्रोसॉफ्टनं सांगितलंय, त्यामुळे सकाळचं स्कॅन तेवढं सुरूच राहणार.