पाणी गेलं की लघवी झाली?

आठव्या-नवव्या महिन्यात शिंक आली, खोकला आला की थोडी लघवी निसटते. बाळाचा भार मूत्राशयावर असतो आणि ओटीपोटाखालचे स्नायू सैलावलेले असतात. त्यातच अंगावरून पांढरं जाण्याचं प्रमाणही वाढलेलं असतं. अशा दिवसांत पाणमोट, म्हणजे बाळाभोवतीची पाण्याची पिशवी, फुटली तरी ‘हे तर रोजचंच’ म्हणून सोडून दिलं जातं. किंवा याच्या उलट होतं, नुसत्या लघवीने अख्खं घर रिक्षा शोधायला धावतं. दुसरी चूक परवडते, पहिली नाही.

गोंधळ व्हायला आणखी एक कारण आहे. पाणमोटेतलं पाणी हीसुद्धा बहुतांशी लघवीच असते, फक्त बाळाची. ती फार पातळ असल्यामुळे तिला उग्र दर्प येत नाही. चौतिसाव्या आठवड्याच्या आसपास हे पाणी साधारण ८०० मिली असतं, पुढे ते थोडं कमी होतं. पण पिशवी फुटली म्हणजे हे सगळं पाणी भसकन बाहेर येतं असं नाही. बाळाचं डोकं कटीत, म्हणजे कमरेच्या हाडांच्या पोकळीत, उतरलं असेल तर ते बुचासारखं बसतं. पिशवी अगदी गर्भाशयाच्या तोंडाशी फाटली तर डोक्यापुढचं पाणी एकदम येतं आणि मग डोकं वाट अडवतं. चीर वरच्या बाजूला गेली असेल तर दिवसभर नुसतं थेंब थेंब गळत राहतं. फसगत होते ती या दुसऱ्या प्रकारात. म्हणून पाणी किती आलं यापेक्षा ते येतच राहिलंय का, हे बघायचं.

पाणी निवळ किंवा फिकट पिवळसर असेल, ३७ आठवडे पूर्ण झाले असतील आणि बाळ नेहमीसारखं हलत असेल, तरच घरी ताडून बघायला वेळ आहे. आधी लघवीला जाऊन मूत्राशय पूर्ण रिकामं करा. अंग कोरडं पुसा. कोरडा पांढरा, बिनसुवासाचा सुती पॅड किंवा धुतलेलं सुती कापड लावा आणि घड्याळ बघून वेळ लिहून ठेवा. जेलचे पॅड नकोत, ते पाणी आत ओढून वरून कोरडेच दिसतात. आता अर्धा तास डाव्या कुशीवर पडून राहा. तेवढ्या वेळात पाणी गळत असेल तर ते योनीच्या मागच्या खोलगट भागात साचतं. मग उठून उभं राहा, एकदा खोकून बघा. उठताक्षणी पॅड चिंब झाला तर पाणी गेलंय असंच धरायचं.

आणखी एक खूण आहे. लघवी अडवताना आवळतो तसे स्नायू आवळून बघा. लघवी थांबते, पाणमोटेचं पाणी थांबत नाही. लघवीचा वास ओळखीचा असतो, या पाण्याला वास जवळजवळ नसतो किंवा किंचित गोडसर असतो. त्यात बाळाच्या अंगावरच्या लोण्यासारख्या लेपाचे पांढरे कण दिसू शकतात. पांढरं जाणं दाट असतं, त्याचा डाग पडतो पण ते वाहत नाही. गर्भाशयाच्या तोंडाचा शेंबडासारखा चिकट गोळा, कधी रक्ताची रेघ असलेला, पडला तर ते वेगळं. कळा जवळ आल्याची ती खूण असू शकते, पाणी गेल्याची नव्हे.

पॅड टाकून देऊ नका. स्वच्छ पिशवीत घालून दवाखान्यात घेऊन जा, फोनवरच्या वर्णनापेक्षा त्यावरचा रंग जास्त सांगतो.

काही वेळा हा अर्ध्या तासाचा खेळ अजिबात करायचा नाही, थेट निघायचं. पाणी हिरवट किंवा तपकिरी असेल तर बाळाने पोटातच शी केलेली असते. लालभडक रक्त जात असेल, पाण्याला घाण वास येत असेल, ताप १००.४ फॅरेनहाइट किंवा त्याहून जास्त असेल, बाळाची हालचाल मंदावली असेल, ३७ आठवडे व्हायचे असतील, बाळ पायाळू किंवा आडवं असेल, आधीचं सिझेरियन असेल, तर वाट बघणं नाही. पाण्याबरोबर योनीत दोरीसारखं काही जाणवलं किंवा दिसलं तर ती नाळ असू शकते. ती दाबली गेली की बाळाचा रक्तपुरवठा तुटतो. नाळेला हात लावू नका, आत ढकलू नका. गुडघे आणि छाती जमिनीला टेकवून कंबर वर उचलून धरा आणि घरच्यांना १०८ ला फोन करायला सांगा. गाडीत डाव्या कुशीवर, कमरेखाली उशा घेऊन झोपायचं.

दवाखान्यात आधी निर्जंतुक स्पेक्युलम (योनी उघडी धरणारं उपकरण) घालून आत साचलेलं पाणी दिसतं का ते बघतात. शंका उरली तर रंगपट्टी लावतात. योनीचा सामू (pH) ३.८ ते ४.५ म्हणजे आम्लधर्मी, पाणमोटेच्या पाण्याचा ७ च्या थोडा वर. सामू साडेसहाच्या वर गेला की ही नायट्राझिन रंगाची पट्टी निळी होते. पण रक्त, वीर्य, साबण किंवा जंतुसंसर्ग यांनीही ती निळी होते, त्यामुळे घरी पट्टी आणून निकाल लावू नये. काचेवर थेंब सुकवून सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर क्षारांची नेच्याच्या पानासारखी नक्षी दिसते. सोनोग्राफीत पाणी कमी दिसलं तर संशय बळावतो, पण तेवढ्यावर निदान होत नाही. कळा नसताना बोटाने पुन्हा पुन्हा तपासणं टाळतात, कारण दर तपासणीबरोबर जंतू वर जाण्याचा धोका वाढतो. याच कारणाने घरीही योनीत काही घालायचं नाही, संबंध ठेवायचे नाहीत.

दिवस भरल्यावर, कळांआधी पाणी गेलेल्यांपैकी साधारण ६० टक्के जणींना २४ तासांत आपोआप कळा सुरू होतात. मग थांबायचं की कळा आणायच्या? १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या, ५०४१ स्त्रियांच्या अभ्यासात दोन्ही वाटांनी सिझेरियनचं आणि बाळाला संसर्ग होण्याचं प्रमाण जवळपास सारखंच निघालं. ऑक्सिटोसिन या कळा आणणाऱ्या औषधाने लगेच कळा आणलेल्या आयांना संसर्ग मात्र कमी झाला. दिवस भरायच्या आत पाणी गेलं तर गणित बदलतं. २४ ते ३४ आठवड्यांत बाळाची फुप्फुसं तयार व्हावीत म्हणून आईला डेक्सामेथासोनची ६ मिलिग्रॅमची इंजेक्शनं १२ तासांच्या अंतराने चार वेळा देतात, शिवाय अँटिबायोटिक. इथे घरी गेलेला प्रत्येक तास महाग पडतो.

‘पाणी गेलं, आता कोरडं बाळंतपण’ ही भीती घरातल्या मोठ्या बायका हमखास घालतात. बाळ लघवी करतच असतं, त्यामुळे पाणी बनतच राहतं. कळा याव्यात म्हणून एरंडेल पाजू नये, त्याने उलट्या-जुलाब होतात.

निघताना पाणी गेल्याची वेळ, रंग, साधारण किती आणि बाळ शेवटचं कधी हललं, एवढं फाइलवर लिहून न्या. १०२ ची गाडी गरोदर बाईला मोफत असते.