डुकराची चाहूल घेणारा सेन्सर मे महिन्यात आंधळा काहून होतो?

रोबोट म्हटलं की हातपाय हलवणारं माणसासारखं यंत्र आठवतं, पण ज्याला आजूबाजूचं काही कळतं, त्यावरून जे काही ठरवतं अन् मग स्वतःहून करतं ते सगळं रोबोटच की, मग तो वावराच्या धुऱ्यावर खांबाला बांधलेला डबा का असेना. अमेरिकेत पिट्सबर्गला कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या लोकांनी असले सेन्सर अन् रोबोट वस्तीतल्या साध्या माणसांच्या हातात दिले होते, तुमच्या गल्लीतला त्रास तुम्हीच मोजा म्हणून. विदर्भातल्या एखाद्या ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये असं वर्कशॉप ठेवलं तर पहिला विषय ठरलेला, रानडुक्कर नाहीतर रोही म्हणजे नीलगाय.

रात्ररात्र जागल करून माणूस थकतो, मग काही जण तारेत करंट सोडतात अन् त्यात जनावरं मरतात तशी माणसंही मरतात. त्यापेक्षा जनावर आलं की भोंगा वाजवणारा डबा कधीही बरा. त्याला लागतो पीआयआर सेन्सर, पांढऱ्या घुमटाचा, शंभरेक रुपयांचा. तो स्वतः काही सोडत नाही, अंगातून निघणारी इन्फ्रारेड किरणं फक्त टिपतो. आत दोन पट्ट्या असतात, गरम अंग आधी एकीसमोर येतं मग दुसरीसमोर, दोघींत फरक पडला की सिग्नल. म्हंजे त्याला डुक्कर दिसतच नाही, मागच्या जमिनीपेक्षा वेगळ्या तापमानाचं काहीतरी हललं एवढंच कळतं. आता मे महिन्यात पारा 45 ला गेला की मागची जमीन, झाडं, बांध सगळं जवळपास अंगाइतकंच तापलेलं, फरक फारसा उरतच नाही. म्हणून भर दुपारी टेस्ट करून सेन्सर फुकट गेला म्हणू नका, रात्री लावून बघा. आणखी एक, याचा टप्पा जेमतेम 7 मीटर, त्यामुळे कळप नेमका कोणत्या वाटेनं आत घुसतो ते माहीत पाहिजे, अन् ते इंजिनिअरला नाही, जागलीवाल्यालाच माहीत असतं.

भोंग्याचा एकच आवाज रोज ऐकून डुक्कर सरावतं, म्हणून आवाज बदलते ठेवायचे. पोरं प्रोग्राममध्ये रँडम, म्हंजे कोणताही आकडा काढ अशी आज्ञा, लिहून मोकळी होतात, पण डबा चालवणाऱ्या आर्डुइनो युनो या छोट्या बोर्डाचा रँडम, बोर्ड बंद होऊन चालू झाला की पुन्हा त्याच क्रमानं आकडे देतो, आणि आपल्याकडे लाइन रात्रीतून किती वेळा जाते ते वेगळं सांगायला नको. उपाय सोपा, ज्या पिनला काहीच जोडलेलं नाही तिथला अस्थिर आकडा घेऊन त्यावरून क्रम सुरू करायचा.

पाण्याच्या बाबतीत मात्र जरा जपून. टीडीएस मीटर पाण्यातून वीज किती सहज वाहते ते मोजतो अन् त्यावरून क्षारांचा अंदाज सांगतो, पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात तो कामाचाच. पण यवतमाळ-चंद्रपूरकडचं दुखणं फ्लोराइडचं, त्याची मर्यादा लिटरमागे 1.5 मिलिग्रॅम, आणि शेकड्यांच्या टीडीएसमध्ये एवढंसं कुठं दिसणार? आकडा चांगला आला म्हणून बोअरचं पाणी चांगलं असं होत नाही बाप्पा, बाटली लॅबलाच द्यावी लागते.

टाकी भरून वाहते ही तक्रार त्यामानानं सोपी. अल्ट्रासॉनिक सेन्सर आवाज सोडतो, तो पाण्यावर आपटून यायला किती वेळ लागला त्यावरून पातळी काढतो. 20 अंशाला आवाज सेकंदाला 343 मीटर जातो, 45 ला जवळपास 358, म्हणजे 2 मीटरवर 8-9 सेंटीमीटरचा घोळ. सोबत एक तापमानाचा सेन्सर जोडला की हिशोब जुळतो. फक्त मोटर चालू-बंद करायला जो निळा छोटा रिले, म्हंजे बोर्डाच्या इशाऱ्यावर चालणारा स्विच, मिळतो त्यावर 5 एचपीची थ्री फेज मोटर थेट लावू नका, रिलेनं स्टार्टरची कॉइल तेवढी चालवायची, अन् ते काम गावातल्या वायरमनकडूनच करून घ्या.